तिच्या हाताला हलकी

१

अकरा ऑक्टोबर. आकाश निरभ्र, ऊन बेताचं, वारा उत्तरेकडून.

अशा दिवशी पुराची तयारी करत बसणारा माणूस लोकांना खुळा वाटतो, हे त्याला ठाऊक होतं. पण तहान लागल्यावर विहीर खणायला निघायचं नाही, एवढं त्याने गेल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला त्याने तिसरी हातचक्की घट्ट आवळली, वरच्या नरसाळ्यात मूठभर गहू टाकले आणि बायकोला म्हणाला, "हं, फिरव."

"पहिल्या दोन चक्क्यांनी काय घोडं मारलं होतं?"

"पहिली फिरवली की टेबलच उचललं जात होतं. दुसरी तुझ्याच्याने सुरूच होईना."

तिने डाव्या हाताने मूठ धरली. दांडा खालून वर आला, माथ्यावर पोचला आणि तिथेच अडला. तिने ओठ दाबून जोर लावला. टेबल करकरलं, तिचा खांदा थरथरायला लागला. शेवटी तिने हात काढून घेतला आणि पदराने कपाळ टिपलं.

"दगडी चकत्या आहेत," तो म्हणाला. "पीठ मऊ येतं."

"पीठ मऊ येतं आणि माणूस कडक होतं. काढा ती."

गल्लीत त्याला सगळे पंपवाले म्हणत. शहराला पाणी चढवणाऱ्या, नदीपलीकडच्या पंपघरात त्याची नोकरी होती. बायको घरी शिवणकाम करायची, हाताने फिरवायच्या यंत्रावर. उजव्या हाताने चाक, डाव्या हाताने कापड. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली (जरा जास्तच सावरली, असं तो म्हणे), पण उजवा हात खांद्यापासून गेला तो गेलाच. रोज सकाळी कामाला निघण्याआधी तो तिचा तो हात गळ्यातल्या झोळीत ठेवून मानेमागे गाठ मारून द्यायचा. शिवणयंत्र कोपऱ्यात चादरीखाली पडून होतं.

गेल्या वर्षी पूर आला तेव्हा पूल पाण्याखाली गेला आणि तो पलीकडे अडकला. इकडे वीज गेली. विजेची घरगुती चक्की फळीवर नुसती शोभेला उरली. पीठ संपलं. गव्हाचं पोतं भरलेलं होतं, पण अख्खे गहू शिजवायला स्टोव्ह तासभर जळावा लागतो आणि रॉकेल होतं थोडंसंच. तो घरी पोचला तेव्हा ती भिजवलेले गहू एकेक करून चावत होती. एक दाढ तुटली होती. घरात पोतंभर धान्य आणि बाई उपाशी. ते दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून हटत नव्हतं.

पीठ साठवून भागत नाही, काही महिन्यांत कुबट होतं. गहू टिकतात. तेव्हा हवी होती अशी एक चक्की, जी एकट्या बाईला एकट्या डाव्या हाताने फिरवता येईल. बस्स, एवढंच.

२

जुन्या लोखंडाच्या दुकानदाराने त्याची अडचण ऐकून घेतली आणि डोकं खाजवलं.

"चक्की आहे एक. पण ती कुणाचं ऐकत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे फिरत नाही. वंगण घातलं, रॉकेलमध्ये भिजवली, शिव्याही घालून झाल्या. तुम्ही पंपघरातले, तुम्ही बघा उघडून. सुधारली तर तुमची, नाही सुधारली तर दाराला टेकण लावायला तर कुठे गेली नाही."

दुकानाच्या मागच्या खोलीत फळीवर ती होती. करडा रंग, लोखंडी अंग, लाकडी मूठ. दांडा त्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिला. जेमतेम पाव फेरा झाला आणि खांद्यात कळ आली.

तो ती घेणार नव्हता. पण त्याला एक गोष्ट खटकली. फळीवरच्या बाकीच्या सामानावर, कुलपांवर, तराजूंवर, इस्त्र्यांवर धुळीचा जाड थर होता. चक्कीच्या अंगावरही होता. फक्त लाकडी मूठ तेवढी स्वच्छ होती, तुकतुकीत, रोजच्या वापरातल्या लाटण्यासारखी.

"ही कुणी फिरवून बघितली का एवढ्यात?"

"मी सांगतो काय! फिरतच नाही तर बघणार कोण?"

कुणी तरी पुसली असेल, असं मनाशी म्हणून त्याने चक्की पोत्यात गुंडाळली.

३

दुपारभर त्याने ती खोलली. चकत्यांचे दात शाबूत होते. कणा सरळ होता. आत गंजाचा ठिपका नाही, अडकलेला दाणा नाही. उभ्या आयुष्यात त्याने शेकडो अडलेली यंत्रं सोडवली होती आणि प्रत्येकात काहीतरी सापडलं होतं. हिच्यात अडायला काहीच नव्हतं. त्याने सगळं पुन्हा जोडलं, टेबलाला बसवलं आणि मूठ धरून जोर लावला.

चक्की ढिम्म.

"मरू दे," तो म्हणाला आणि हात धुवायला मोरीशी गेला. साबण लावत असताना मागून आवाज आला. घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र.

त्याने वळून पाहिलं. ती टेबलाशी बसून डाव्या हाताच्या दोन बोटांनी दांडा फिरवत होती. खालच्या ताटलीत पिठाची बारीक धार पडत होती.

"अहो, ही तर लोण्यासारखी आहे!"

"बाजूला हो." त्याने मूठ धरली. दांडा जागचा हलेना. "तू धर." तिने धरली, फिरली. ती फिरवत असताना त्याने वरून हात ठेवला. चक्की तिथल्या तिथे थिजली. त्याने हात काढला, सुरू.

त्याने दांडा आडवा केला आणि मुठीला पाण्याने भरलेला डबा टांगला. दांडा आडवाच राहिला. डबा काढला. तिने बोट लावलं, दांडा खाली आला.

"तुमचा हात जड आहे," ती म्हणाली. "आयुष्यभर पाण्याच्या चाव्या पिळल्यात. यंत्राला माणसाचा हात कळतो हो."

"यंत्राला काही कळत नाही."

"मग फिरवा की."

तो वरमला. माझा जोर तिरका पडत असेल, कणा आत कुठेतरी घासत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. डाव्या हाताने करून पाहिलं, तरी नाही. शेवटी त्याने नाद सोडला. महिनाभर वणवण करून जी वस्तू मिळत नव्हती ती मिळाली होती. दुभत्या गाईच्या लाथाही गोड असतात, आणि हिने तर अजून लाथ मारली नव्हती.

त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी गुणगुणली. "बघा," ती म्हणाली, "आता या पूर म्हणावं."

४

नेमकं काय चुकतंय ते कळायला त्याला आठवडा गेला.

तो संध्याकाळी घरी येत होता. घर पहिल्या मजल्यावर. जिन्यातच चक्कीचा आवाज यायला लागला आणि तो सवयीने ऐकत थांबला. यंत्रं कानाने ओळखायची हा त्याचा धंदाच होता. डाव्या हाताने दांडा फिरवणाऱ्या उजवखोऱ्या माणसाचा आवाज लंगडा असतो. खाली ढकलताना वेग, वर ओढताना दम. पहिल्या दिवशी तो तसाच होता.

आता तो सलग होता. एका लयीत, मध्येच किंचित थांबणारा, मग पुन्हा चालणारा. हा थांबा त्याच्या ओळखीचा होता. कापडाचा कोपरा वळवताना ती असाच क्षणभर थांबायची. वीस-बावीस वर्षं पलीकडच्या खोलीतून त्याने हेच ऐकलं होतं.

तो घरात शिरला. ती ओट्याशी उभी होती. चक्की टेबलावर, थांबलेली. त्याने काही न बोलता कोपऱ्यातली चादर उचलली. शिवणयंत्राच्या चाकावर कोळ्याचं जाळं होतं.

"काय शोधताय?"

"काही नाही. फार दळतेस हल्ली."

खरंच फार दळत होती. तिन्ही डबे भरले होते. वरच्या मजल्यावरच्या मावशींना तिने पीठ दिलं होतं. मावशी दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत करायला आल्या तेव्हा जिन्यातच त्याला भेटल्या.

"पंपवाले, पेढे कुठायत?" त्या म्हणाल्या.

"कसले?"

"अहो, बायकोचा हात सुधारला, आणि तुम्ही गप्प! काल दार उघडं होतं, मी डोकावले. दोन्ही हातांनी काम चाललं होतं. डाव्याने दाणे टाकतेय, उजवा गरागरा फिरतोय."

 तो दोन-दोन पायऱ्या चढून घरात गेला.

"उजवा हात हलतोय तुझा?"

तिने डाव्या हाताने झोळीतून उजवा उचलला आणि सोडला. तो टेबलावर आपटला, वाळल्या दोडक्यासारखा.

"हलतोय ना," ती म्हणाली. "सोडला की पडतो."

मावशींचा चष्मा जुना आहे, असं त्याने मनाशी धरलं. दार अर्धंच उघडं असेल. माणूस जे बघायची सवय असते तेच बघतो. एका वाक्याने समाधान होईना म्हणून त्याने तीन केली, आणि तिन्ही मिळूनही ते झालं नाही.

५

दुसऱ्या दिवशी पंपघरातली एक मोटर दुरुस्तीला गेली आणि तो जेवणाच्या वेळेलाच सुटला. जिना चढताना त्याने चपला हातात घेतल्या. आपल्याच घरात चोरासारखं शिरायचं कारण त्याने स्वतःला सांगितलं नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. ती पाठमोरी बसली होती. डाव्या हाताने चिमटी-चिमटी गहू नरसाळ्यात सोडत होती, पुढे सरकवल्यासारखे, कापड सरकवावं तसे. उजवा हात झोळीत होता. मानेमागची गाठ सकाळी त्याने स्वतः मारली होती. ती तशीच होती.

दांडा फिरत होता.

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. आपोआप फिरतोय, असं म्हणायला त्याचं मन तयार झालं होतं. वेग धरलेलं चाक फिरत राहतंच की थोडा वेळ. पण उन्हाच्या पट्ट्यात पिठाची धूळ तरंगत होती, दाट, आणि ती सगळीकडे नव्हती. मुठीच्या वर एक जागा मोकळी होती. मनगटाएवढी. ती मुठीबरोबर गोल फिरत होती आणि धूळ तिला वळसा घालून जात होती. कोपरापर्यंत दिसत होतं. त्यापुढे ऊन नव्हतं.

त्याच्या हातातली चप्पल खाली पडली नाही, श्वासही मोठा झाला नाही. तरी ती म्हणाली,

"थांब जरा. हे आलेत."

दांडा माथ्यावर थांबला. कुठलाही दांडा जिथे थांबत नाही, आपल्याच वजनाने खाली येतो, तिथे.

मग ती त्याच्याकडे वळली. "अहो, लवकर आलात? पानं घेऊ?"

६

त्याने आधी पीठ टाकलं. तिन्ही डबे एकामागून एक खालच्या कचराकुंडीत रिकामे केले. या चक्कीचं काहीही घरात नको. मग पाना घेऊन चक्कीचे स्क्रू सोडवायला बसला. चक्की टेबलाला अशी धरून बसली होती की निघेना. दांडा मात्र निघाला.

"कुणाशी बोलत होतीस?"

"बोलायला कोण आहे इथे? तुम्ही सकाळी जाता, संध्याकाळी येता."

"मी ऐकलं."

 ती हळू आवाजात म्हणाली, "गेल्या वर्षी मी गहू चावत बसले होते, तेव्हा कुणी विचारलं नाही कुणाशी बोलतेस. तेव्हाही बोलत होते. तेव्हा कुणी ऐकत नव्हतं, एवढाच फरक."

"डॉक्टरांकडे जाऊ आपण."

"जाऊ. पण ते ठेवा तिथे."

त्याने दांडा कामाच्या पिशवीत टाकला. ती उठून उभी राहिली. आजवर कधी न ऐकलेल्या आवाजात ती ओरडली, "माझा हात नेताय तुम्ही!"

रात्री दोघं बोलली नाहीत. सकाळी आभाळ भरून आलं होतं. मावशी आदल्या दिवशीच मुलीकडे गेल्या होत्या. त्याने झोळीची गाठ मारली. घरात पीठ नव्हतं, पोत्यात गहू होते, चक्कीला दांडा नव्हता.

"संध्याकाळी विकतचं पीठ आणतो," तो म्हणाला. "आजच्या दिवसाला पाव आहे."



७

दुपारी पाऊस आडवा झाला. संध्याकाळच्या आत पूल पाण्याखाली गेला, वीज गेली, आणि थोड्या वेळाने फोनही मुके झाले.

पंपघरात तो आणि त्याचा जोडीदार, ज्याला सगळे दाढी म्हणत, असे दोघेच. डिझेलवर एक पंप चालू ठेवायचा, एवढंच काम. तो गच्चीवर जाऊन पलीकडच्या काठाकडे पाहायचा. तिथे फक्त पाणी दिसायचं, आणि त्या पाण्याच्या पलीकडे कुठेतरी त्याने स्वतःच्या हाताने रिकामे केलेले तीन डबे.

"अहो, शेजारीपाजारी असतील की," दाढी म्हणाला.

"नाहीत."

"घरात खायला असेल."

 पिशवी त्याने आपल्या लोखंडी कपाटात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तेव्हा तळाशी पांढरं काहीतरी सांडलं होतं. त्याने बोट लावलं. पीठ. मऊ, ताजं. पिशवी होती तशी बांधलेली होती. त्याने ती सोडून दांड्याची मूठ हातात घेतली आणि पटकन टाकून दिली. लाकूड उबदार होतं. नुकतंच कुणी सोडून उठावं तसं.

त्याने कपाट लावलं. पाण्यात फेकून द्यावा का, असा विचार मनात आला. मग दुसरा विचार आला. मूठ उबदार आहे याचा अर्थ ती दळतेय. दळतेय याचा अर्थ ती खातेय.

त्यानंतर तो पुन्हा पुन्हा कपाटाशी जात राहिला. ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटत होती, तिच्याभोवती तो मूठ आवळून उभा राहायचा. पलीकडच्या काठावरून येणारी बातमी एवढीच होती. कधी कपाटाच्या दाराला कान लावला तर आतून, अगदी बारीक, ती लय ऐकू यायची. चालायची, कोपऱ्यावर थांबायची, पुन्हा चालायची.

"काय ऐकताय?" दाढी म्हणाला. "कपाट बोलायला लागलं की काय?"

"ऐक बरं तू."

दाढीने कान लावला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "पंपाची थरथर आहे," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याने आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवलं.

एका दुपारी मूठ गार लागली. तो ती तळव्यात धरून बसला, काखेत धरून बसला. लाकूड लाकडासारखंच राहिलं. कपाटात आवाज नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तो एका यंत्राला म्हणाला, "फिर गं बाई. फिर."

ती फिरली नाही.

८

एकोणतीस ऑक्टोबर. पाऊस थांबलेला, ऊन नाही, हवा दमट. पाणी पुलाखाली गेलं.

जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत चिखलाची रेघ होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत ताज्या पिठाचा वास होता.

स्वयंपाकघर स्वच्छ होतं. चक्की टेबलावर होती, दांड्याच्या जागी उघडा कणा. ती खुर्चीत बसली होती, गालांवर लाली होती. टेबलावर दोन वाट्या पेज, एक तिच्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या जागेपुढे. दोन्ही निम्म्या संपलेल्या.

"आलात?" ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, अजून एखादा दिवस लागेल."

तिने उजव्या हाताने तिसरी वाटी त्याच्याकडे सरकवली.

तो उभाच राहिला. तिच्या गळ्यात झोळी होती. तीत डावा हात होता. मानेमागे गाठ होती, घट्ट आणि नेटकी. ती त्याने मारलेली नव्हती.

"तुझा हात," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली आणि बोटं उघडून, मिटून दाखवली. "बसा आधी. गार होईल."

तो बसला.

पोतं रिकामं होतं. तिन्ही डबे काठोकाठ भरलेले होते. तिच्या उजव्या तळव्यावर दोन फोड होते, त्यातला एक फुटलेला. त्याने तिच्या डाव्या हाताला काढलेला चिमटा तिला कळला नाही. चक्कीचा दांडा त्याच्या पिशवीत होता.